मायची जुनी जागा

१० नोव्हेंबर १९८६, सोमवार
शाळेच्या नव्या खोलीचा पाया खणायला आज सुरुवात. एकदाची मंजुरी आली. खोली माझ्या दुसरीला मिळणार. बेचाळीस लेकरं दीड वर्षापासून व्हरांड्यात कोंबून बसवून राहिली मी, सुटली आता बाप्पा.

दुपारी बाबा माझा डबा घेऊन आले. चुन्याची आखणी पाहिली अन् आत टाकलेला पाय मागं घेतला. "इथं कायले?" म्हटलं, सपाट जागा आहे, अन् मायपासून, खदानीच्या देवीपासून लांब. सारं गाव म्हणते, जिथं माय तिथं जुन्या खदानीचं तोंड. म्हणून सरपंचांनी मायच्या दगडापासून शंभर पावलं सोडून आखलं. बाबा वळले. डबा द्यायचा विसरून तसाच परत घेऊन गेले. मी उपाशी.

१२ नोव्हें., बुध
मिस्त्री वैतागला. "बाई, जमीन पाणी पिऊन राहिली. दोन ड्रम ओतले, सकाळी कोरडं." हेडमास्तर (पुढं हे. मा.) म्हणाले, मुरूम आहे, पिणारच.

बाबा जेवत नाहीत. आईला विचारलं तर म्हणे, "जुनं उकरू नको. तुले याच गावात नोकरी करायची हाये ना?" म्हणजे हिलाही माहीत आहे. राग आला. सत्तावीस वर्षांची घोडी झाली तरी मला काही सांगत नाहीत.

१६ नोव्हें., रवि
बाबांनी सांगितलं. उन्हात खाटेवर बसून, खोकत खोकत. तसंच लिहून ठेवते.

दीक्षेला नागपूरला गेले त्याच्या आधीचा पावसाळा. खदान बंद, मजूर पेरणीला आपापल्या गावी. जुनं तोंड ढासळलं. मुकादमानं ते भरलं नाही. वरून सागाची लाकडं आडवी टाकली, त्यावर माती. मॅंगनीजच्या गाड्यांचा रस्ता तिथूनच काढायचा होता. पण माय तिथं बसलेली, तिच्यावरून गाडी कोण हाकणार? दगडाला हात लावायची कोणाची छाती नाही. मग बाबा अन् सोबतीचा एक गोंड गडी, दोघांना लावलं. दगड नाल्याकडं नेऊन ठेवला. मजूर परतले तर अर्धे नवेच. मुकादम म्हणाला, माय पहिल्यापासून इथंच आहे.

"अन् जुने मजूर?"
"जुन्याइले रोजी पायजे होती."

तेव्हा आमच्या लोकांना मायच्या आसपास फिरकायची सोय नव्हती. मुकादमानं दम देऊन ठेवला, तुम्ही मायला शिवले हे गावाला कळलं तर जित्ते गाडतीन. मुकादम मेला, गोंड गडीही मेला. बाबा तीस वर्षं गप्प.

खोलीचा मागचा कोपरा, खिडकीकडचा. ते तोंड त्याच्याच खाली. "लाकडं सडली असतीन आता," म्हणाले, अन् आत जाऊन झोपले.

१७ नोव्हें., सोम
हे. मा.ना सांगितलं. "तिथून तर गाड्या गेल्या बाई, काय झालं? कोण सांगते हे?" म्हटलं, जुने लोक. "जुने म्हणजे कोण?" बाबांचं नाव जिभेवर आलं अन् गिळलं. डरपोक मी.

३ डिसें., बुध
भिंती खिडकीपर्यंत. रजा टाकून सौसरला तहसील कचेरीत गेली. जुन्या खदानीचा नकाशा दाखवा म्हटलं. बाबू म्हणे, मालक गेले तसे कागद गेले. कोणाची जबानी असेल तर पंचायतीमार्फत आणा. म्हणजे फिरून फिरून गावातच. छोट्या लाईनच्या गाडीत रामाकोन्यापर्यंत उभी. माझ्या वर्गातली शेवंता रोज विचारते, "बाई, नव्या खोलीत फळा मोठा राहीन का?" हो म्हणते मी.

२१ डिसें., रवि
दादा पांढुर्ण्याहून आला, संत्री घेऊन. आईनंच बोलावलं असेल. माझ्यावर ओरडला, "गावाले अक्कल शिकवायचा ठेका तू घेतला काय? बाबाले मारतीन लोक." मी पण सोडलं नाही, म्हटलं तू तिकडं मजेत राहतो, तुझं काय जाते. बाबा ऐकत होते. म्हणाले, "लेकरं कोनाची बी असो. मीच बोलतो." दादा न जेवता बस धरून गेला. आई संत्री सोलत रडली.

११ जाने. १९८७, रवि
पंचायत. बाबांनी उभ्यानं सगळं सांगितलं. मुकादम, लाकडं, कोपरा. मला वाटलं, आता विचारतील खड्डा किती खोल. कोणी नाही विचारलं.

पहिला सवाल, "मायले हात कोनं लावला? तू?"
दुसरा, "कोनत्या हातानं?"

मग गोंधळ. एकानं बाबांचा सदरा धरला, सरपंचांनी सोडवलं. मी उठून म्हटलं, अहो खड्ड्याचं बोला. "बाई, तुम्ही बसा."

घरी आल्यापासून बाबा भिंतीकडं तोंड करून पडले आहेत. आईनं दिवसाउजेडी कडी लावली. भीती वाटते. लिहायला लाज कसली.

१४ जाने., बुध
निकाल लागला. माय तिच्या जुन्या जागी परत न्यायची. म्हणजे बाबांचं खरं मानलं! आता खोली पाडतील म्हणून मी जरा वेळ खूश. तर सरपंच म्हणतात, खोली कायले पाडायची, सरकारी काम आहे. मायलेच आत बसवू, कोपऱ्यात. ती पाहीन लेकराइकडं. सगळ्यांना पटलं. हे. मा. पण मान हलवून राहिले. शिकलेला माणूस!

बाबा म्हणाले, "मानलं तर पुरं माना ना." मग बराच वेळ खोकले.

२६ जाने., सोम
झेंडावंदन, मग उद्घाटन. चार गड्यांनी माय आणली. शेंदूर लावला, नारळ आतच फोडला. बाबांना आवारात यायची मनाई. हे. मा. म्हणाले, उद्यापासून दुसरी आत. म्हटलं, मी निंबाखाली बसवीन. "लेखी द्या." दिलं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

२७ जाने., मंगळ
निंबाखाली टाटपट्टी अंथरली. आले तेरा. तेराच्या तेरा आमच्या मोहल्ल्यातले. बाकी एकोणतीस त्यांच्या मायबापांनी हाताला धरून आत नेले. शेवंताची आई म्हणाली, "बाई, आमची माय हाये आत. तुमचा इश्वास नसन तर तुम्ही बसा बाहेर." रागानं नाही म्हणाली. समजुतीनं म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

आत हे. मा. पाढे म्हणवून घेऊन राहिले. हुशार लेकरांना मायजवळची जागा दिली आहे, मान म्हणून. म्हणजे त्याच कोपऱ्यात. शेवंता सगळ्यात पुढं, दगडाला पाठ लावून.

मधल्या सुट्टीत आमच्यातला एक आत पळाला. दंडाला धरून ओढून काढला. रडला. "बाई, ते तर बसले हायेत ना." त्याला माझ्याजवळ टाटपट्टीवर बसवलं.

काल-परवापर्यंत त्या कोपऱ्यात कोणी हौसेनं बसलं नसतं. आम्ही खरं बोललो अन् त्यामुळंच तिथं गर्दी झाली. बाबांना हे सांगितलं नाही. ते विचारून राहिले, किती लेकरं बाहेर होती. म्हटलं, सगळी.

हे. मा.नी सांगून ठेवलं आहे, बाहेर बसायचं तर बसा, पण आत कोणीतरी लागते, मला माझा पाचवीचा वर्ग आहे. उद्यापासून एकोणतीस आत एकटीच राहतील. बाहेर बसू तर त्यांना कोपऱ्यातून उठवायला कोणी नाही, आत जाऊ तर ही तेराही माझ्या मागं त्या खड्ड्यावर येतील.