तुझ्या आईच्या बाकावर

क्लिफ्टन,

हे तुला पाठवणार नाही, तरी लिहिते.

यंदा चर्चच्या उन्हाळी शिबिरात मी फक्त लेकीला सोडायला गेले होते. घटस्फोटानंतर शिबिराच्या मैदानावरच्या तुमच्या घराण्याच्या लाकडी खोलीत कुठल्या तोंडानं राहणार? मी गाडीतून उतरलेच नाही. तेवढ्यात तुझ्या आई पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"गाडी बंद कर गं. एवढी माणसं जेवायची आहेत, मका कोण सोलणार?"

"आई, मी आता घरची नाही."

ओसरीवरून तुझी व्हर्डेल आत्या म्हणाली, "खरंच बोलतेय ती."

आई तिच्याकडे वळल्या. "घटस्फोट माझ्या पोरानं घेतलाय. मी नाही घेतला."

शेजारपाजारच्या ओसऱ्या ऐकत होत्या. मी गाडी बंद करून मका सोलायला बसले.

संध्याकाळी प्रार्थनेचं शिंग वाजलं, तेव्हा प्रार्थनेच्या मांडवात आईंनी मला आपल्या बाकावर शेजारी बसवलं. माझा हात घट्ट धरून मोठ्यानं म्हणाल्या, "देवा, माझ्या क्लिफ्टनला सुखी ठेव, आणि थोडी अक्कलही दे."

बाया हसल्या. अशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

मीही "आमेन" म्हटलं. दोन्ही मागण्यांना.

तुझ्या आईची सून,
रेनेटा