कोंडाणे शोधकार्यात नकाशाचे कुलूप उघडल्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, कर्जत, जि. रायगड

विषय : जीपीएस यंत्र पथकाकडेच ठेवण्याबाबत व श्री. संतोष यांच्यावरील तक्रारीत माझे म्हणणे नोंदवण्याबाबत.
संदर्भ : यंत्र जमा करण्याविषयी आपले पत्र.

महोदय,

मी कोंडाणे परिसरातील स्वयंसेवी शोधपथकाची प्रमुख आहे. डोंगरात मोबाइलला रेंज नसल्याने आपल्या कार्यालयाने पथकास जीपीएस यंत्र दिले होते. ते ओढ्यात पडून निकामी झाल्यावर आपण नवे दिले. परंतु नकाशाचे कार्ड जुन्या यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेले असल्याने नव्या यंत्रात उघडेना. त्या नकाशातील लेण्यांच्या वरच्या पायवाटा आमच्याच पथकाने चालून, नोंदवून नकाशा बनवणाऱ्या कंपनीस विनामोबदला दिल्या होत्या, हे येथे नमूद करते.

गेल्या मंगळवारी गावातील गौराबाई रानभाजीला गेल्या त्या परतल्या नाहीत. सोबतच्या जनाबाई धावत खाली आल्या. "मागंच होती गं, हाक मारली तर ओ नाय," एवढेच त्या सांगू शकल्या. वर धुके इतके दाट होते की पुढचा माणूस दिसत नव्हता. नकाशाचे कुलूप उघडण्याचा कोड मागायला मी कंपनीस फोन केला. "मॅडम, मेल करा, दोन-तीन दिवसांत कोड येईल," असे उत्तर मिळाले. "बाई रानात पडली हाय, तिला दोन दिवस थांब म्हणून कोन सांगंल?" असे मी विचारले. फोन ठेवला गेला.

तेव्हा मी यंत्र घेऊन चौक गावातील मोबाइल दुरुस्तीवाले श्री. संतोष यांच्याकडे गेले. त्यांनी आधी साफ नकार दिला. "ताई, हे माझ्यावर शेकंल," असे ते म्हणाले. मी आग्रह धरला, म्हणून त्यांनी कुलूप उघडले आणि एक रुपयाही घेतला नाही. रानभाजीच्या जागेखालचा कडा आणि त्याकडे जाणारी घळ नकाशात दिसली, म्हणून आम्ही नेहमीची वाट सोडली व घळीकडून वर चढलो. गौराबाई कड्याखालच्या कपारीत सापडल्या. पाय मोडला होता, अंग गार पडले होते, पण शुद्ध होती. आज त्या रुग्णालयात आहेत.

आता कंपनीने संतोष यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे. त्यांचा संगणक जप्त झाला असून दुकान बंद आहे. यंत्र सरकारी होते आणि कुलूप माझ्या सांगण्यावरून उघडले, असे आपण पोलिसांना लेखी कळवावे. जबाब द्यायला मी केव्हाही हजर राहीन.

यंत्र मात्र मी आज जमा करीत नाही. सध्या धबधब्यांवर गर्दी आहे, धुकेही हटलेले नाही. आपला निर्णय येण्याआधी कोणी हरवल्याची हाक आली, तर मी हेच यंत्र आणि हाच उघडलेला नकाशा घेऊन वर जाणार आहे. हे आपल्यापासून लपवून करायचे नाही, म्हणून आधीच अर्ज देत आहे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
हर्षला चांगो पेमारे
मु. कोंडाणे, ता. कर्जत
दि. १८ जुलै २०२५

सोबत : गौराबाईंचा अंगठा असलेला जबाब, पायवाटा कंपनीस दिल्याची पोच.