शेजारची खुर्ची

श्वेता,

जयभीम. आज नावाआधी "प्रिय" लिहवत नाही.

माझ्या निवृत्तीच्या सत्काराला व्यासपीठावर शेजारची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, प्राचार्यांची असेल. मग तू माइकवर "मॅडमसाठी सरप्राइज" म्हणालीस आणि कामठीहून तो आला. बावीस वर्षांपूर्वी मी ज्याचं घर सोडलं, त्याच्या खांद्यावर तू शाल घातलीस. "सरांच्या पाठिंब्यामुळेच मॅडम एवढं करू शकल्या." सभागृहानं टाळ्या वाजवल्या आणि त्यानं मान लववून त्या घेतल्या.

कुटुंबसंस्था तुला मीच शिकवली ना? एम.ए.ला असताना आमच्या महिला संघटनेत येऊन तू बायकांच्या मुलाखती घेतल्यास. त्यांनी नवरा काहून सोडला, हे ऐकून रडलीस. आणि माझ्या वेळी म्हणतेस, "मॅडम, सत्कार जोडीनंच शोभतो."

मागच्या रांगेत त्याच बायका बसल्या होत्या. पंचफुलाचा हात गेल्या वर्षी नवऱ्यानं मोडला. धंतोलीच्या दवाखान्यात प्लास्टर करवून मी तिला नंदनवनच्या संघटनेच्या ऑफिसात ठेवून घेतलं. कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी वापस गेल्या का? मंग मीबी जाऊ का?"

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तू रडशील आणि तुझी समजूत मलाच घालावी लागेल. त्यापेक्षा फोन करते. उद्या नंदनवनला ये. पंचफुलाच्या शेजारी खुर्ची ठेवते. तिला उत्तर तू दे.

एकटीनं सत्कार घ्यायला आलेली,
हेमलता मॅडम