जाळी हलव, शिवकन्या

प्रिय शिवकन्या,

फोन असताना पत्र कावून, म्हणशील. फोनवर मी वरडते आन् तू गप बसतीस. कागदावर वरडता येत न्हाई, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, लावून घे.

तुझ्या बापानं मेंढरं लिंबागणेशकडं नेलीत. मी तीन महिने झाले पाटोद्याला हापिसात झाडलोट करते, ते तुला ठाऊकच हाय. नवी इमारत, समद्या काचा बंद, एसी चालू. आठ दिवसांत माझं डोकं जड, डोळे चुरचुरायला लागले. वाटलं, वय झालं. मग बघते तर हापिसातल्या सुकन्याबाई कपाळाला बाम चोळून कॉम्प्युटरपुढं बसलेल्या. बंकटराव साहेबांच्या एका हातात घास, दुसऱ्या हातात फोन, अन् पलीकडून वरचा साहेब विचारतोय, सकाळचं काम अजून कावून न्हाई झालं. डब्यातली भाकर तशीच माघारी जायची, बीपीची गोळी तेवढी पोटात.

मला हे काम लागायच्या आधी, नागपंचमीला तू आलतीस तेव्हा तुझ्या पुण्याच्या हापिसाचं हेच सांगत होतीस. झोप न्हाई, छाती धडधडते, खोकला जात न्हाई. अन् मी काय बोलले ते माझ्या ध्यानात हाय. गार हवेत खुर्चीवर बसून काय दुखतंय गं तुझं, उन्हात मेंढरं राखून बघ. तू ताटावरून उठलीस.

मेंढरं एका जाळीत लई दिवस कोंडली की खोकतात, चरत न्हाईत. तुझा बाप मेंढरांना बोल लावत न्हाई. जाळी उपटतो अन् दुसऱ्या वावरात लावतो. जन्मभर हे बघितलं अन् पोटच्या पोरीच्या वक्ताला इसरले.

मागल्या महिन्यात एसी बंद पडला. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना चिकटपट्टी लावलेली, ती मी इळ्यानं खरडून काढली. साहेब म्हणले, मावशी, धूळ येईल. मी म्हणले, धूळ मी झाडीन, तुमची डोकी कोण झाडणार. हसले बिचारे. आता एसी नीट झाला तरी दोन खिडक्या उघड्याच असतात. जेवायला समदे लिंबाखाली, फोन ड्रॉवरमधी. वरचा साहेब दोन दिवस कावला, मग जेवणाची वेळ सोडून फोन करायला लागला. बंकटरावांची गोळी चालूच हाय, खोटं कावून सांगू. पण सुकन्याबाईंच्या टेबलावर बामाची बाटली पंधरा दिवसांत दिसली न्हाई.

आता खरं सांगते. पंचमीला तुझ्या पिशवीतला कागद मीच काढलता. इंग्रजी येत न्हाई, पण खाली तुझं नाव अन् सहीची जागा मोकळी, तेवढं कळलं. नोकरी सोडायचाच असंल असं वाटलं, म्हणून पेटीत लुगड्याखाली दाबून ठेवला. परवा सुकन्याबाईंनी वाचून दाखवला, राजीनामाच निघाला. तू मला विचारायलाच आणलता अन् मी तुला विचारूच दिलं न्हाई. तू गुमान पुण्याला गेलीस. तोच कागद ह्या पत्रात घालते. घडी पडलीय, चालंल. आधी तुझ्या साहेबाला खिडकीचं अन् जेवणाच्या वेळेचं तोंडावर विचार. न्हाई ऐकलं तर सही कर. दुसरं वावर मिळंपर्यंत घर हाय. ओसरीवरची तुझी जागा सारवून ठेवलीय, वारा चांगला येतो.

तुझीच,
वरडणारी आई
सारजा