तिसरी मोटर आणू नका

बाबा,

तुम्ही गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. मी प्रयोगशाळेत जायला निघाले आहे. दुकानात जाऊ नका, तिसरी मोटर लागणार नाही.

आईला भरवणारं तुमचं यंत्र पहाटे न विचारता उघडलं, रागावू नका. मोटरीत दोष नव्हताच. मोटर आणि तिला चालवणारं सर्किट एकाच बॅटरीवर होतं. चमचा उचलताना मोटर भसकन वीज ओढायची, सर्किट गडबडायचं आणि चमचा थरथरायचा. म्हणून तर जास्त ताकदीची मोटर लावल्यावर सूप जास्तच सांडायला लागलं. काल त्यावरून मी तुम्हाला फाडकन बोलले, ते चुकलं.

आता मोटरीला वेगळी बॅटरी दिली आहे. दोन्ही बॅटऱ्यांच्या काळ्या वायरी एकमेकींना जोडल्या आहेत, त्या सोडवू नका.

आईने पायाने बटण दाबत वाटीभर सूप संपवलं. हात चालेनासे झाल्यापासून आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला कुणी भरवावं लागलं नाही, आणि एक थेंबही सांडला नाही. मग मला म्हणाली, "सांग तुझ्या बाबांना, दुपारी माझ्या शेजारी नाही, समोर बसा म्हणावं. आणि स्वतःचं ताट गरम असतानाच जेवा."