आये, तुला दोन-दोन दिसायचं ते

आये, काल माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आज सकाळी पट्टी निघाली. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण हे सांगायला तूच हवी होतीस.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी महिन्यापूर्वी माझे डोळे मोजले. बुबुळ सगळीकडून सारखं गोल नाही, म्हणाल्या. "साधी लेन्स बसवली तर मोतीबिंदू जाईल, पण सिलिंडरचा नंबर राहील. एकाचे दोन दिसत राहतील. तुम्हाला टोरिक लेन्स लागेल, ती नेमक्या कोनात बसवतात." मला पुढचं ऐकूच आलं नाही.

तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे दिवस डोळ्यांपुढे आले. तू विळीवर बसली आहेस, जिताडा साफ करतेस, खवलं बोटांनी चाचपतेस. "बाय, मना अजून दोन-दोन दिसतंय गो," म्हणतेस. त्या दिवशी माझ्या शाळेतल्या सहशिक्षिका जेवायला आल्या होत्या. कालवणात खवलं निघाली, आणि त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "ऑपरेशन झालंय ना तुझं? आता किती दिवस डोळ्यांचं निमित्त करणार?" दुसऱ्या दिवसापासून तू विळीला हात लावला नाहीस. खाडीकाठी जन्मभर मासळी निवडणारी तू माझ्या फ्लॅटच्या खिडकीशी बसून राहिलीस, आणि मला वाटलं, रुसली आहे.

काल ऑपरेशनआधी मला ताठ बसवून डोळ्यावर शाईच्या बारीक खुणा केल्या. आडवं झालं की डोळा किंचित फिरतो, म्हणून खुणा बसल्या-बसल्याच करतात. तुझ्या वेळी आपल्याला अशा लेन्सचं नावही ठाऊक नव्हतं. आज पट्टी निघाल्यावर समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसली. एकच. कड अगदी सरळ. मला रडू फुटलं. "रडू नका मावशी, डोळ्याला हात लावू नका," नर्स म्हणाली. तिला वाटलं, आनंदानं रडतेय.

अशी लेन्स तुझ्या नशिबी नव्हती, पण चष्म्यानं तुला नीट दिसलं असतं. तुझ्या डॉक्टरांनी महिन्याभरानं नंबर लिहून दिला होता. तू दोनदा विचारलंस, मी दोन्ही वेळा म्हटलं, कागद हरवला. "रव दे, तुला कामं हायेत," म्हणालीस, आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीस.

हे कुठे पाठवणार मी? घडी घालून कपाटात ठेवते. कागद हरवला नव्हता, आये. माझ्या पर्समध्येच होता. मला चष्म्याच्या दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला होता.