बाजाराला गोळी, खाड्याला नाही

ता. ४ ऑगस्ट, मानवत
डॉक्टर म्हणले होते रोज चार ओळी लिहीत जा. त्याला सात महिने झाले. वही त्याच दिवशी आणली, कव्हरवर हसणारा हत्ती. हत्तीचं तोंड बघूनच लिहायचं मन गेलं. मग पेन सापडंना. पेन सापडला तर दाजीनं गिऱ्हाइकाला पिना गुंडाळून द्यायला मागची पानं फाडली. खरं सांगायचं तर कंटाळा. स्वतःबद्दल लिहिणारी माणसं मला आवडत नाहीत.

आज लिहायलोय कारण दिवाण मेला. आमच्या टेंपोतलं कुत्रं. चार वर्षं कटलरीच्या पेट्यांवर बसून तमाम आठवडी बाजार फिरलं. खड्डा मीच खणला. ताई रडली, तिची पिऊ रडली, दाजी स्वतःच्या बापाच्या टायमाला रडला नव्हता, तोही नाक ओढत होता. मी फावडं धरून उभा. आत काहीच नाही. रिकाम्या डब्यात खडा टाकला तर निदान वाजतो तरी.

गोळीमुळंय हे. खात्री हाय.

ता. ६
मागचं एकदा लिहून टाकतो, पुन्हा लिहायचं नाही. गेल्या साली सेलूला घरी तीन महिने भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. अण्णा (बाप. रिटायर मास्तर) दारात उभे राहून म्हणायचे, "नाटकं हायेत. माणसाला काम असलं की असली बिमारी होत न्हाई." अण्णांनी जन्मात तापाची गोळी खाल्ली नाही, हे ते पाव्हण्यांना चहाच्या आधी सांगतात. शेवटी ताईनं परभणीला दवाखान्यात नेलं. गोळी चालू झाली. दीड महिन्यानं उठलो. मग ती मला मानवतला घेऊन आली, दाजीचा टेंपो हाणायला.

गोळीनं उठलो हे खरंय. लिहिताना राग येतो.

पण तोंडाला कोरड. बसल्याजागी घाम. जांभया अशा की गिऱ्हाईक म्हणतं झोपा तुमी, मी नंतर येते. अन् पोरीबाळींकडं बघून काहीच होत नाही, अजिबात. दाजी म्हणतो, "शहाणा झालास रे सुम्या." शहाणा म्हणे.

ता. ७
ठरलं. सोडायची.
डॉक्टर म्हणले होते सोडायची झाली तर एकदम नाही, हळूहळू, अन् मला विचारून. 'मला विचारून' एवढं सोडून बाकी सगळं ऐकणारंय.

हिशोब सोपा. आठवड्यात आपले चार बाजार. बाजाराच्या दिवशी गोळी, खाड्याच्या दिवशी नाही. विसरायचा प्रश्नच नाही, ताडपत्री बांधली की गोळी. एवढं डोकं त्या डॉक्टरला लावता आलं नाही, भिंतीवर चार सर्टिफिकिटं लावून बसलाय.

ता. ११, ताडकळस बाजार
चाललंय. ताडपत्री, गोळी, पाणी. आमच्या शेजारी सुक्या बोंबलाची मावशी बसते. तिनं बघितलं.
"कशाची रं?"
"ताकदीची."
"मग ताकद कुटंय?"
हसली, सगळे दात नाहीत तरी हसली. मग म्हणे, "मी बीपीची खायलेच की धा वर्सं. गोळीवानी गोळी. खावं अन् गप ऱ्हावं."
फुकटचा सल्ला बाजारात बोंबलापेक्षा जास्त येतो. वासही तसाच.

पिवळ्या क्लिपा कुणी घेत नाही. दाजी तरी पिवळ्याच आणतो.

ता. १५
क्लचप्लेट गेली. टेंपो गॅरेजला, मिस्त्री म्हणतो पार्ट येईल तवा येईल. बाजार बंद.
बाजार नाही म्हंजे गोळी नाही. नियम म्हंजे नियम.

ता. १७
गोळी नाही, दिवस तिसरा. डोकं जड. स्वप्नं लय रंगीत.

ता. १८
आज नवीनच. मान तशीच ठेवून नुसतं डोळे फिरवले की डोक्यात चर्र होतं. होल्डरमधे बल्ब ढिला असला की कसा फडफडतो, तसं. अर्ध्या सेकंदाचं. आधी वाटलं घरात करंट उतरलाय. पिऊला विचारलं तुला लागला का. ती म्हणे, "मामा, तू येडाय का?" सहा वर्षांची हाय, निदान बरोबर.

ता. १९
टीव्हीवर ट्रॅक्टरची जाहिरात. म्हातारा ट्रॅक्टरवर हात फिरवतो. मी हमसून रडलो. ट्रॅक्टरसाठी! दिवाणसाठी एक थेंब नव्हता. लाज वाटली तर हसू आलं, हसलो तर परत रडू. ताई पदरानं तोंड पुसत आली, "काय झालं रे?" कांदा म्हणलं. कांदा घरात नव्हता.

तिनं विचारलं गोळी घेतली का. घेतली म्हणलं. सहज निघालं तोंडातून.

ता. २१
टेंपो आला. सेलू बाजार. ताडपत्री बांधली, गोळी हातावर घेतली, मग वाटलं सहा दिवस तसे गेलेच हायेत. मेहनत वाया का घालायची? गोळ्यांची पट्टी पेटीत, पिवळ्या क्लिपांखाली. तिथं कुणी हात घालत नाही.

अण्णा बाजारात आले होते, भाजीची पिशवी. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पेन लावल्याशिवाय संडासला पण जात नसतील. आमच्या दुकानापुढून गेले. दाजीला म्हणले, "बरंय का?" माझ्याकडं बघितलं जसं हजेरीत नाव नसलेल्या पोराकडं बघतात.
चर्र. चर्र. ते जाईस्तोवर चार वेळा.

ता. २४
मोबाईलवर वाचलं, गोळी सोडल्यावर चर्र होणारे लय हायेत. एकानं लिहिलंय मध खा. एकीनं लिहिलंय माझं दोन वर्षं चाललं. दाजीच्या ग्रुपवर आलंय की टेन्शन हे फक्त शहरातल्या लोकांना होतं, मातीत अनवाणी चाला. चाललो. काटा मोडला.

ता. २६
मोंढ्याजवळ चालवताना चर्र झालं अन् एक क्षण रस्ता गेला. रस्ता म्हंजे होता, मीच नव्हतो. हातगाडीवाला ओरडला, "डोळे हायेत का बटणं?"
दाजी शेजारी होता. "झोप न्हाई झाली का?"
"न्हाई."
दाजी चांगला माणूस हाय, म्हणून त्याला फसवणं इतकं सोपं. हेही त्याचंच चुकतं.

ता. २८
फाट्याच्या पुढं दाजीच्या चुलत्याकडं बारसं हाय उद्या. दाजीला गावातलाच बाजार, पेट्या हातगाडीवर नेणारंय. म्हणे, "ताईला अन् पिऊला तू टेंपोतनं घेऊन जा, केबिनमधे बसतील."
हो म्हणलं. हो म्हणायला काय लागतं.
पट्टी काढली पेटीतून. बघितली. एक गोळी आज घेतली तर उद्या नीट होतं का? कुणाला विचारायचं? ज्याला विचारायचं त्याला विचारणार नाही असं मीच वर लिहून ठेवलंय. परत क्लिपांखाली.

ता. २९, देवगाव फाटा, सकाळ
हॉटेलच्या बाकावर बसून लिहायलोय. अक्षर असलंच येणार.

सेलू सोडल्यावर चालू झालं. चर्र, मग थांबून चर्र. पिऊ मधे बसून आरशात बघून क्लिपा लावत होती, पिवळ्या. समोरून मोटारसायकल, बाई मागं, तिच्या मांडीवर लेकरू. मी आरशाकडं डोळे फिरवले अन् गेला रस्ता. परत आला तवा मोटारसायकल खाली शेताच्या कडंला उतरलेली, ताईचा हात स्टेअरिंगवर. कुणाला काही झालं नाही. त्या माणसानं आईवरून शिव्या दिल्या, चांगल्या दिल्या. मी ऐकून घेतल्या.

फाट्यापर्यंत पहिल्या गिअरमधे आणला. चावी काढली, हॉटेलवाल्याला दिली. "ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."
"पिलेलाय का?"
"न्हाई. तेच सोपं असतं."

मग ताईला सांगितलं. सगळं, बाजार-खाडा, पिवळ्या क्लिपा. वाटलं मारंल. तिनं पिऊचा हात धरला, एवढंच म्हणली, "ही मधे बसली होती, सुम्या." मागून सेलूची काळीपिवळी आली, बारशाच्या गावापर्यंत जाणारी, त्यात दोघींना बसवलं. चढताना फोन लावत होती. दाजीलाच लावला असणार. येईल आता, ओरडंल, मग ओरडून झाल्यावर चहा पाजंल. ते जास्त बेकार.

दोन चहा झाले. हॉटेलवाला मधून मधून चावी खिशात हाय का चाचपायलाय. जगात विश्वास ठेवावा असा एक माणूस सापडला, तोही मला दारुडा समजतो.

सेलूची एसटी थांबली पलीकडं. दाजी एसटीनं कशाला येईल.

अण्णा उतरलेत.

इस्त्री नाही. खिशाला पेन नाही. पायात घरातल्या चपला. काखेत माझी दवाखान्याची फाईल, सेलूच्या घरीच राहिलेली, जिला गेल्या साली त्यांनी हात लावला नव्हता. तीस वर्षं पोरांना शिकवलं आधी उजवीकडं बघा, मग डावीकडं. कुठंच न बघता रस्ता ओलांडायलेत.